सव्वा दोन

आमच्या घरात मोजताना 'एक' कधी यायचा नाही. लाभ, दोन, तीन, चार असंच मोजायचं. आई उन्हात घातलेले पापड उचलायची तेव्हासुद्धा लाभपासून सुरुवात. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. हळदीच्या पोत्यांच्या काट्यापाशी त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली, आणि त्यांच्या वडिलांनी त्याआधी पायलीनं धान्य मापलेलं. मापाची सुरुवात लाभानं करायची ही दोघांची रीत. पहिलीत बाईंनी मणी मोजायला सांगितले तेव्हा मी मोठ्यानं 'लाभ' म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. घरी येऊन रडले. वडील म्हणाले, "हसू दे. मोठ्यानं म्हटलंस न्हवं? मग झालं."

गेली तेवीस वर्षं मी मिरजेत आयसीयूत स्टाफ नर्स आहे. सांगली-मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. इथलं मोठं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, आणि तेव्हापासून अथणी, जत, विजापूरकडचे पेशंट इकडेच येतात. त्यामुळे आम्हा सगळ्यांना मोडकंतोडकं कन्नड येतं. माझं कन्नड मुख्यतः एका प्रश्नापुरतं आहे: "तूक एष्टु?" वजन किती?

हा प्रश्न मी पेशंटच्या मुलाला, बायकोला, भावाला रोज विचारते. बीपी कोसळलेला माणूस स्ट्रेचरवर येतो. त्याला काट्यावर उभं करता येत नाही आणि वजन सांगणारा बेड प्रत्येक ठिकाणी नसतो. मग पोरगा बापाकडे बघतो, जणू पहिल्यांदाच बघतोय, आणि म्हणतो, "अरवत्तु." साठ. पुष्कळदा सगळेच साठ म्हणतात. ज्या भागात कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली दहा किलोनं कमी भरली तरी भांडणं होतात, तिथं घरच्या माणसाचं वजन सगळ्यांचं साठ. मी लिहून घेते: साठ किलो, नातेवाइकाच्या सांगण्यावरून.

आणि मग गणित सुरू होतं.

नॉरॲड्रेनालिन, आमच्या भाषेत नॉरॅड. रक्तवाहिन्या आवळून बीपी वर धरणारं औषध. शरीर ते स्वतःही बनवतं. चेतातंतूंच्या टोकांशी हेच रसायन काम करतं हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं आणि १९७० साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आमच्याकडे ते दोन मिलीच्या छोट्या ॲम्प्युलमध्ये येतं. चार ॲम्प्युल फोडायच्या, पन्नासच्या सिरिंजमध्ये घ्यायच्या, वरून पाच टक्के डेक्स्ट्रोज घालून पन्नास मिली करायचं. एका ॲम्प्युलमध्ये दोन मिलिग्रॅम, म्हणजे पन्नासात आठ. आठ मिलिग्रॅम म्हणजे आठ हजार मायक्रोग्रॅम. भागिले पन्नास, एका मिलीत एकशे साठ मायक्रोग्रॅम.

डॉक्टर म्हणतात, पॉईंट वननं सुरू करा. म्हणजे किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. साठ किलोला मिनिटाला सहा. सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलणारा जो पंप असतो, त्याला मिनिट कळत नाही, त्याला तास लागतो. म्हणून तासाला तीनशे साठ. भागिले एकशे साठ.

सव्वा दोन मिली तासाला.

गणित म्हणाल तर सातवीचं आहे. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम, मिनिटाचा तास, किलोनं गुणाकार, बस. एवढ्याशा गणितात माणसं चुकतात कशी, असं मला नर्सिंगला असताना वाटायचं. तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टर काही बोलायच्या नाहीत, नुसतं हसायच्या.

मी लागले तेव्हा आमच्याकडे सिरिंज पंप दोनच होते, आणि बीपी वर धरायला नॉरॅडपेक्षा डोपामिन जास्त वापरायचे. दोनशे मिलिग्रॅमची ॲम्प्युल पाचशेच्या बाटलीत, म्हणजे मिलीला चारशे मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला किलोमागे पाच द्यायचं तर मिनिटाला तीनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे पाऊण मिली. मायक्रो सेटमध्ये, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीत, एका मिलीचे साठ थेंब पडतात. साठ पाऊण पंचेचाळीस. मिनिटाला पंचेचाळीस थेंब. मनगट बाटलीशेजारी धरून सेकंदकाट्यावर एक डोळा आणि थेंबावर एक डोळा ठेवायचा, आणि नळीवरचा चिमटा, रोलर क्लॅम्प, इतका हळू फिरवायचा की आपण फिरवला हे आपल्यालाही कळू नये. मायक्रो सेटची गंमत अशी की तासाला जितके मिली हवेत, मिनिटाला तितकेच थेंब. मिलीचे थेंब साठ आणि तासाची मिनिटंही साठ, दोन्ही साठ एकमेकांना खाऊन टाकतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका रात्री थेंब मोजता मोजता लक्षात आलं, आणि पहाटेपर्यंत मी एकटीच खूश होते. डोपामिन पुढे मागे पडलं. २०१० साली शॉकच्या, म्हणजे बीपी कोसळलेल्या, १६७९ पेशंटवरचा अभ्यास आला. मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता, पण डोपामिनवर हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण नॉरॅडच्या जवळजवळ दुप्पट निघालं.

पाऊण, सव्वा, दीड हे मला वडिलांकडून मिळालं. त्यांचं शिक्षण चौथी, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. तो तर माझ्या पिढीत कुणाला येत नाही. लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन यार्डात जायची. सगळीकडे हळदीची पिवळी धूळ, नाकात, पापण्यांवर. काट्यावर पोतं चढलं की वडील वजन मोठ्यानं पुकारायचे. पुकारा झाला की अडत्याचा दिवाणजी आपल्या वहीत लिहायचा आणि शेतकरी आपल्या कागदावर. दोघं एकमेकांचं बघून लिहायचे नाहीत. शेवटी दोन्ही बेरजा जुळवायच्या, मग पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या पैशांचा हिशोब. एकदा मी विचारलं, एकानंच लिहिलं तर काय होईल? वडील म्हणाले, "त्याला झोप आली तर?" चोरी, लबाडी यांचं नाव त्यांनी काढलंच नाही. झोप म्हणाले.

तर माझी झोप.

नाइट ड्यूटीची तिसरी रात्र, पहाटेचे साडेचार. चार नंबरच्या बेडवर शेतातल्या काट्याच्या जखमेतून सेप्सिस झालेले, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरलेले, एक आजोबा. नॉरॅड सव्वा दोनवर. या वेगानं पन्नासची सिरिंज बावीस तास पुरते. ती संपत आलेली, बदलायची होती. सिरिंज बदलणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. नॉरॅड रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. नळी थोडा वेळ बंद राहिली की बीपी खाली येतं, आणि नवी सिरिंज बसवताना दट्ट्या जरा दाबला गेला तर वर उसळतं. म्हणून आम्ही दुसऱ्या पंपावर नवी सिरिंज आधी तयार ठेवतो आणि मग नळी फिरवतो. मी ते सगळं नीट केलं.

दुसरा पंप जुना होता. त्याच्यावर बटणं नव्हती, आकड्यांची छोटी चाकं होती, नखानं फिरवायची. शेवटचं चाक दशांशाचं. शतांशाला जागाच नाही. म्हणजे सव्वा दोन त्याच्यावर बसतच नव्हतं, २.२ किंवा २.३ लावायला हवं होतं. माझ्या डोक्यात दोन-दोन-पाच होतं. मी चाकं फिरवली: दोन, दोन, पाच. मशीननं वाचलं साडेबावीस. मी स्टार्ट दाबलं.

आर्टरी लाईन, म्हणजे धमनीत घातलेली नळी, होती म्हणून बीपी प्रत्येक ठोक्याला दिसत होतं. वरचा आकडा ८८ होता. मी औषधाच्या शीटवर वेळ लिहायला वळले, तेवढ्यात मॉनिटर ओरडला. १३०. मग १५५. मग १८०. शेजारच्या बेडवरची ज्युनिअर धावत आली, पंपाकडे बघितलं आणि म्हणाली, "सिस्टर, साडेबावीस?" तिनं नुसता प्रश्न विचारला. माझा हात पंपावर जाऊन तो बंद होईपर्यंत एकूण चाळीस सेकंद गेले असतील. चाळीस सेकंदांत साडेबावीसनं पाव मिली जातं. पाव मिलीत चाळीस मायक्रोग्रॅम. त्या पाव मिलीचा हिशोब मी नंतर कितीदा केलाय याची मोजदाद नाही.

औषध लवकर उतरतं म्हणून आजोबा वाचले. पाचेक मिनिटांत बीपी पूर्वपदावर आलं. आम्ही ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, आरएमओंना, उठवून सांगितलं, शीटवर घडलं तसं लिहिलं. आजोबा आठ दिवसांनी चालत घरी गेले आणि जाताना मला म्हणाले, "लई केलंसा बाई." मी मान खाली घातली. त्यांना काय सांगणार होते?

चूक नेमकी कुठं झाली यावर इन्चार्ज सिस्टरनी मला दुसऱ्या दिवशी बसवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लावलेला आकडा वाचलास का?" वाचला होता. "मोठ्यानं?" नाही. मनात वाचला होता, आणि मनात मी पंपावरचं वाचलं नव्हतं. माझ्या डोक्यातलंच परत वाचलं होतं. डोक्यातलं बरोबरच होतं. ज्युनिअरला माझ्या डोक्यातलं ठाऊक नव्हतं, तिला फक्त मशीन दिसलं. आणि तिनं ते मराठीत वाचलं म्हणून लगेच खटकलं. कागदावर २.२५ आणि २२.५ यांच्यात एक टिंब इकडचं तिकडे होतं, बस. इंग्रजीत टू पॉईंट टू फाईव्ह आणि ट्वेंटी टू पॉईंट फाईव्ह झोपेच्या कानाला जवळजवळ सारखंच. सव्वा दोन आणि साडेबावीस मात्र तोंडात मावतच नाहीत एका जागी. त्यांच्यात टिंबच नाही, हरवायला.

तेव्हापासून आमच्या युनिटला नियम झाला. नंतर तो सगळीकडेच आला, त्याला इंग्रजी नावही आहे. एकीनं हिशोब करायचा. दुसरीनं उत्तर न ऐकता, वेगळ्या कागदावर, पहिल्यापासून करायचा. मग दोघींनी आपापलं उत्तर सांगायचं आणि पंपावरचा आकडा तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचायचा. "मी केलंय, तू फक्त बघ" हे चालणार नाही. बघणारी तेच बघते जे आपण दाखवतो. मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांना त्यात काही नवल वाटलं नाही. "म्हणजे दिवाणजी आन् शेतकरी," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

या नियमानं कधीकधी उत्तरं जुळत नाहीत आणि तेव्हा फार शिकायला मिळतं. एकदा दुसऱ्या दवाखान्यातून आलेल्या पेशंटच्या चिठ्ठीत नॉरॅडचा डोस ०.२ लिहिलेला, आणि पंपाचा वेग, मिश्रण, वजन धरून आमचा निघाला ०.१. दोघींनी तीनदा करून पाहिलं. शेवटी ॲम्प्युलचं बारीक अक्षर उन्हात नेऊन वाचलं. नॉरॅड बाटलीत टार्ट्रेट क्षाराच्या रूपात असतं. चार मिलिग्रॅम क्षारात मूळ औषध, म्हणजे बेस, दोनच मिलिग्रॅम. त्यांनी क्षार मोजला होता, आम्ही मूळ औषध. त्यांचं चुकलं नव्हतं, आमचंही नाही. तेच द्रव, तोच वेग, आणि कागदावर डोस दुप्पट. कुणी विचारलं नसतं तर पुढच्या राऊंडला कुणीतरी म्हटलं असतं की पेशंट निम्म्या औषधावर आला, सुधारला.

उलट्या दिशेच्या औषधाचंही सांगते. बीपी २२० आणि छातीत पाणी अशा पेशंटला नायट्रोग्लिसरीन लावतात, रक्तवाहिन्या सैल करायला. पन्नासात पन्नास मिलिग्रॅम, मिनिटाला दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला ०.६ मिली. यात वजन येतच नाही. नवीन मुलगी सवयीनं साठनं गुणते आणि छत्तीस काढते. छत्तीस! त्या वेळी मी ओरडत नाही. "वाच मोठ्यानं," म्हणते. छत्तीस तोंडातून बाहेर पडताच तिचं तिलाच ऐकू येतं. हेच नायट्रोग्लिसरीन डायनामाइटमध्ये भरून आल्फ्रेड नोबेल श्रीमंत झाला, म्हातारपणी डॉक्टरांनी त्यालाच हृदयासाठी तेच लिहून दिलं, आणि त्याच्या पैशातलं बक्षीस पुढे नॉरॅडवाल्या ऑयलरना गेलं. आयसीयूत हे दोन पंप कधी शेजारी शेजारी लागले की मला उगाच हसू येतं. रात्रपाळीतलं हसू, त्याला फार अर्थ नसतो.

आता २०१९ चा ऑगस्ट. त्या आठवड्यात सांगली फुटांत बोलत होती. आयर्विन पुलापाशी पाणी किती, हे दर तासाला फोनवर. इशारा चाळीसला, धोका पंचेचाळीसला, आणि कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. वडिलांना गावभागातून बहिणीकडे हलवलं होतं. फोन करून ते बाकी काही विचारायचे नाहीत, नुसता आकडा सांगायचे. आमच्या दवाखान्यात पुराचं पाणी शिरलं नव्हतं, पण सांगलीहून येणाऱ्या मुलींना येता येईना; ज्या होत्या त्याच सलग ड्यूटीवर. वीज ये-जा करत होती, जनरेटरचं डिझेल जपून वापरायचं होतं. तिसऱ्या रात्री अंधार झाला आणि एका पंपाची बॅटरी बसली. बीप नाही, दिवा नाही. त्याच्यावर नॉरॅड, साठ किलोचा माणूस, सव्वा दोनवर.

शेजारचा पंप मोकळा नव्हता. सव्वा दोन मिली हातानं सोडायचं तर मायक्रो सेटमधून मिनिटाला सव्वा दोन थेंब. असा क्लॅम्प जगात कुणाला लावता येणार नाही. मग औषध पातळ करायचं. दोन ॲम्प्युल अडीचशेच्या बाटलीत: चार मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला सोळा मायक्रोग्रॅम, आधीच्या दहा पट पातळ. टॉर्च दातात धरून एका मुलीनं हिशोब केला, दुसरीनं भिंतीकडे तोंड करून. दोघींनी एकदम सांगितलं: साडेबावीस.

माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की या वेळी ते बरोबर आहे.

"सिस्टर, अर्धा थेंब कसा मोजायचा?" एकीनं विचारलं. तिनं उभ्या जन्मात थेंब मोजले नव्हते, तिच्या ट्रेनिंगपासून पंपच होते. म्हटलं, "दोन मिनिटांत पंचेचाळीस. मोज, मोठ्यानं." मोबाईलच्या उजेडात ड्रिप चेंबर चमकत होता. पहिला थेंब पडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, लाभ. तिनं चमकून बघितलं. मग तिनंही लाभनंच सुरुवात केली, दोन, तीन, चार. बीपी आम्ही हातानं घेत होतो, पट्टा बांधून, दर पाच मिनिटांनी. ८२ वर ४८. खालचा दुप्पट करून वरचा मिळवायचा, तीननं भागायचं: एकोणसाठ. ही सरासरी, म्हणजे मॅप, पासष्ट तरी लागते. क्लॅम्प केसभर सोडला. परत मोजलं. दर वेळी हातावरची शीर जिथे सुई होती तिथे बोट फिरवून बघायचं, कातडी पांढरी, गार पडलीय का. हे औषध शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस मरतं. चाळीस मिनिटांनी वॉर्डातले मामा वरच्या मजल्यावरून दुसरा पंप घेऊन आले, तोवर आम्ही तिघी आळीपाळीनं मोजत होतो. वजन नातेवाइकांनी सांगितलेलं साठ खरं होतं की नाही, देव जाणे. त्याचं खरं वजन आम्हाला बीपीनंच सांगितलं.

नव्या मुलींना सव्वा, पाऊण कळत नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती चालूच राहील. इंग्रजी माध्यमातल्यांना तर 'पावणेदोन' म्हटलं की दोनाच्या पुढचं वाटतं. केरळच्या दोन सिस्टर आहेत आमच्याकडे, त्यांना शिकवताना मीच अडखळले. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, मग पावणे शंभर म्हणजे पंच्याहत्तर कसं? मलाही सांगता येईना. शेवटी ठरलं की दोन्ही म्हणायचं. मराठीत एकदा, टिंबासकट इंग्रजीत एकदा. वेळ जातो थोडा. जाऊ दे.

कालची सकाळ, आठचं हँडओव्हर. चार नंबरच्या बेडवर जतकडच्या एक आजी. रात्रीची मुलगी उभी राहून सांगत होती, सकाळची लिहून घेत होती, आणि मी पलीकडे दुसऱ्या फाईलमध्ये.

"नॉरॅड, पन्नासात आठ, बेस धरून. वजन अठ्ठेचाळीस, बेडवर केलंय. मॅप अडुसष्ट. सव्वा दोनवर होतं, पहाटे कमी करत पावणेदोनवर आणलंय."

"पावणेदोन म्हणजे?"

"वन पॉईंट सेव्हन फाईव्ह."

"थांब, पंप वाचते." ती वाकली. "वन पॉईंट सेव्हन फाईव्ह. पावणेदोन."

आजींनी डोळे उघडले. "किती वाजलं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"आठ, आजी," ती म्हणाली आणि वहीत वेळ लिहिली.